पांढऱ्या टाइलांचा एप्रिल

एप्रिल लागला की लोक मोगऱ्याबद्दल बोलतात, कैरीच्या पन्ह्याबद्दल बोलतात. मला फिनाइलचा वास येतो. परवा बस स्टँडवर एक बाई बादलीत फिनाइल ओतून फरशी पुसत होती. चांगलंच काम करत होती बिचारी. मी मात्र नाकाला पदर लावून दूर जाऊन उभी राहिले. शेजारी उभी असलेली एक ओळखीची म्हणाली, "काय झालं मॅडम, तबियत खराब आहे का?" मी म्हटलं, "तब्येत बरी आहे. आठवण खराब आहे." माझ्या लेखी फिनाइल हा स्वच्छतेचा वास नाहीच. साहेब येणार असल्याचा वास आहे तो.

उन्हाची मात्र माझी काही तक्रार नाही. आमच्या बुऱ्हाणपुरात ऊन घरातल्या माणसासारखं असतं. सकाळीच येऊन बसतं आणि दिवेलागणीपर्यंत उठत नाही. तापी उतरते, पात्रातले काळे दगड उघडे पडतात, लोधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत लूमची खटखटसुद्धा दुपारी दमल्यासारखी ऐकू येते. दापोऱ्याच्या रस्त्यानं बस निघाली की दोन्ही बाजूंना केळी, आणि झळांनी फाटून पानांच्या झालेल्या चिंध्या. त्याच रस्त्यानं त्या वर्षी मी शाळेत जायचे. दापोऱ्याच्याही पुढचं गाव. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, "अच्छा, त्या गावातली गोष्ट होय," आणि सुटल्यासारखा श्वास सोडतात.

त्या शाळेत मी हिवाळ्यात बदलून आले होते. पहिल्याच दिवशी दुसऱ्या मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आपण बाथरूमला समोरच्या किराणावाल्यांच्या घरी जातो. इथं नका जाऊ." मी विचारलं, "आणि मुली?" त्या डस्टर झटकत म्हणाल्या, "मुलींचं काय, त्या धरून ठेवतात." इतकं सहज म्हणाल्या, की जणू वही धरून ठेवतात. मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांना सगळे बडे सर म्हणत. बोलायला गोड माणूस. म्हणाले, "बजेट आने दो मॅडम, सबसे पहले वही काम." पुन्हा विचारलं, तेव्हाही तेच, तितकंच गोड.

बजेट आलं नाही. ऑर्डर आली. प्रत्येक शाळेनं निदान एका वर्गाची वेबसाइट बनवायची. नव्या सत्राच्या सुरुवातीला, म्हणजे आमच्याकडे एप्रिलमध्येच, वरचे साहेब येऊन उद्घाटन करणार. बडे सरांनी स्टाफवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "मॅडम, आप कर लीजिए. आपकी हँडरायटिंग अच्छी है." कुणी हसलं नाही, म्हणून मीही हसले नाही. तोवर माझी मजल मोबाइलवर कुणाचा आलेला निरोप पुढे ढकलण्यापर्यंत.

ट्रेनिंग शहरातल्या एका हॉलमध्ये होतं. कूलरच्या पाण्याला शेवाळाचा वास, त्यात समोशांचा वास. माझ्या पुढ्यातल्या कीबोर्डवर आधीच्या कितीतरी बोटांचं तेल साचून घट्ट झालेलं. कळांच्या फटींत समोशाचा चुरा, आणि चुऱ्यात मुंग्या. मी रुमालानं एकेक अक्षर पुसून काढलं. रुमाल पुन्हा वापरावासा वाटला नाही. ट्रेनर पोरगेलासा होता, पण सगळं पाहून झाल्यासारखा बोलायचा. "कंटेंट कोई नहीं पढ़ता मॅडम. फोटो डालो. साहब का फोटो सबसे ऊपर." त्यानं सगळ्यांना एक तयार नमुना दिला. त्यात गुलाबी गालांची, सोनेरी केसांची मुलं हिरवळीवर पळत होती. संध्याकाळपर्यंत जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांच्या वेबसाइटवर तीच मुलं पळायला लागली. जैनाबादहून आलेले एक म्हातारे सर चष्मा वर करून म्हणाले, "ये बच्चे हैं किसके?" हॉल खो खो हसला. आमच्या पोरांचे चेहरे शाळेच्या पानावर ठेवण्याइतकेही बरे नाहीत, असं कुणी मोठ्यानं म्हणालं नव्हतं. पण सगळ्यांनी ते मान्य केलेलं होतं.

शिकण्याचं मात्र मला वेड लागलं, ते खोटं कशाला सांगू. मुलाचा जुना लॅपटॉप इंदूरहून आणवला. दुपारी घरी आले की खिडकीला ओला टॉवेल लावून बसायचे. चित्र ओढायला जावं, तर पोरांचे चेहरे भाकरीसारखे पसरायचे. लिंक लावावी, तर ती कुठल्या तरी चपलांच्या दुकानात उघडायची. मिस्टर डोकावून म्हणायचे, "कशाला डोळे फोडून राहिली? चार फोटो टाक, मोकळी हो." मी मोकळी होत नव्हते. इतकी वर्षं मी फळ्यावर लिहिलं आणि तास संपला की पुसलं. इथं लिहिलेलं राहत होतं. चुकून पुसलं, तरी जुन्या आवृत्तीत जाऊन परत आणता येत होतं. हे कळलं त्या दिवशी मी एकटीच हसले होते. पहिलं पान झालं, त्यावर मोठ्या अक्षरांत 'हमारी सातवीं' आलं, आणि ते मी वर्गात फोनवर उघडून दाखवलं, तेव्हा सगळी पोरं माझ्या खुर्चीवर कोसळलीच. घामाचे, तेलाचे, उन्हाचे वास घेऊन तो गराडा माझ्याभोवती उभा होता आणि त्यातला एकही वास मला नकोसा वाटला नाही.

मग मी म्हटलं, आपल्या शाळेबद्दल लिहा. सगळ्यांनी लिहिलं, 'मेरा विद्यालय बहुत सुंदर है. उसमें एक बगीचा है.' शाळेत बाग नव्हती. एक बाभूळ होती, तिला शेळ्या बांधत. गाइडमधलं वाक्य पोरांच्या हातात इतकं मुरलेलं होतं, की डोळ्यांसमोरची बाभूळ दिसत नव्हती. सगळी पानं परत दिली आणि सांगितलं, "जे स्वतः पाहिलं, हात लावला, ज्याचा वास घेतला, तेवढंच लिहा. हिंदीत लिहा, घरच्या बोलीत लिहा, कसंही लिहा."

दुसऱ्या दिवशी जे आलं ते वाचून मी टिफिन उघडायची विसरले. एकानं लिहिलं होतं, केळीचा घड कापला की चीक कपड्यावर पडतो, तो डाग मरेपर्यंत जात नाही, म्हणून आमच्या घरात सगळ्यांचे कपडे एकाच रंगाचे आहेत. एकीनं तापीत उतरलेल्या म्हशींबद्दल लिहिलं होतं. आणि पूनमनं लिहिलं होतं ते असं:

'आपल्या शाळेत दोन संडास आहेत. एकाले कुलूप आहे. ते साहेब आले की उघडतं. दुसरं आमचं आहे. त्याले कडी नई. आत पाणी नई. एक जण बाहेर उभं राहून दार धरते. आम्ही पोरी सकाळपासून पाणी पित नई. गरमीत डोकं दुखते. सर म्हणतात पोरी अभ्यासात झोपतात. आम्ही झोपत नई, आमाले चक्कर येते.'

पूनम म्हणजे तिसऱ्या बाकावरची, काळीसावळी, ओठांना कायम सालपटं निघालेली मुलगी. घर लांब, मळ्यात. आई सुनंदाबाई केळीचे घड उतरवायच्या कामाला जायची. ओठांची सालपटं मी रोज बघत होते. ऊन म्हणून सोडून देत होते.

मधल्या सुट्टीत मी ते दार ढकललं. त्यापुढचं सगळं लिहिणार नाही. वाचणाऱ्यानं जेवायचं असतं. एवढंच सांगते की माश्यांचा आवाज आधी आला, मग वास, आणि मग डोळ्यांतून पाणी आलं ते रडण्याचं नव्हतं. भिंतीला पोरींच्या हातांचे ठसे होते, तोल सांभाळताना टेकलेले. छोटे छोटे हात. मी फोटो काढला, बाहेर आले आणि बाभळीखाली ओकले.

पान टाकायच्या आधी सुनंदाबाईंना विचारायला मळ्यात गेले. त्या झाडाखाली भाकर खात होत्या. मी सगळं वाचून दाखवलं आणि म्हटलं, "पूनमचं नाव नको टाकायला. उगाच लोक बोलतील." त्यांनी पाण्याचा घोट घेतला, तोंड पुसलं. "घाण त्याहीनं केली मॅडम, लाज आमाले काहाले? टाका नाव." पूनम मागे उभी होती. तीही म्हणाली, "मीनंच लिहिलं ना!" मी नाव टाकलं.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी बडे सरांनी वेबसाइट पहिल्यांदा उघडून पाहिली. दुपारी मला ऑफिसात बोलावलं. आवाजातला गोडवा गेला होता. "मॅडम, ये क्या गंदगी डाल दी आपने?"

"मी नाही टाकली, सर. होती तिचा फोटो काढला."

"हटाइए."

"नाही हटवणार."

"नोकरी करायची आहे ना?" हे त्यांनी मराठीत विचारलं. धमकी माणूस घरच्या भाषेत देतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी "हो" म्हटलं आणि वर्गात गेले. पान बदलायचा अधिकार नियमाप्रमाणे मी त्यांनाही दिलेला होता, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेटातच फिनाइलचा भपकारा आला. रांगोळी, झेंडूचं तोरण, टेंटवाल्याच्या खुर्च्या. पोरींच्या संडासासमोर एक मोठा बॅनर ताणून उभा केला होता, म्हणजे तो दिसूच नये, बॅनरवर 'स्वागतम्'. पांढऱ्या चुन्याची रेघ बॅनरपर्यंत यायची आणि तिथून वळून जायची. साहेब आले, हार झाले, पडद्यावर वेबसाइट उघडली. लॅपटॉपवर मीच बसले होते. पूनमचं पान आलं, आणि पडद्यावर चकचकीत पांढऱ्या टाइलांचा संडास झळकला. खाली ओळ होती: 'हमारा स्वच्छ शौचालय – पूनम, कक्षा सातवीं.' मजकूर बदलून नाव तेवढं ठेवलं होतं. टाळ्या पडल्या.

फोटो काढला त्या दिवशी बाभळीखाली जे झालं होतं, ते पुन्हा होईल असं वाटलं. माश्यांच्या त्या खोलीत जे घशाशी आलं त्याला निदान वास होता. इथं अत्तर मारलेली, हार घातलेली माणसं एका पोरीच्या नावाखाली खोटं लिहून टाळ्या वाजवत होती.

साहेबांनी कौतुकानं विचारलं, "कौन है पूनम?" ती उभी राहिली. स्वागतगीताच्या पोरींतच होती, निळी रिबीन बांधून. "बेटा, बहुत अच्छा लिखा." ती पडद्याकडे बघत म्हणाली, "सर, ये मैंने नहीं लिखा. इसमें तो ताला रहता है. हमारा वाला उधर है, बॅनर के पीछे."

खुर्च्या करकरल्या. बडे सर हसून म्हणाले, "बच्ची है सर, घबरा गई." पूनम घाबरलेली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. माझा हात माऊसवर होता. जुन्या आवृत्तीवर गेले, आदल्या दिवशीचं पान निवडलं, परत आणलं. पडद्यावर एकाएकी तो फोटो आला, भिंतभर, हातांच्या ठशांसकट.

साहेबांनी काय केलं असेल? रुमाल काढून नाकाला लावला. फोटोला! आणि मान फिरवून म्हणाले, "अरे हटाइए भई, अभी खाना खाना है." बडे सरांनी धावत जाऊन प्रोजेक्टरची वायर उपटली. मग सगळे ऑफिसात गेले आणि जेवले. गोडात मावा जलेबी होती, दराबा होता. बाहेर पंगतीची वाट बघत बसलेल्या पोरींना मी पाणी विचारलं, तर त्या माना हलवून "नको" म्हणाल्या.

त्यानंतर मला कारणं दाखवा नोटीस आली. मी जे घडलं तेच लिहून दिलं. त्या आधी घरी जाऊन एक काम केलं: वेबसाइटची मालक मी होते, बडे सरांचा अधिकार काढून टाकला. एक बटण होतं. ते दाबायला मला ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं, मी ओल्या टॉवेलखाली शिकले होते.

लिंक तोवर गावातल्या बायकांच्या बचत गटाच्या ग्रुपवर पोचली होती. दोन-तीन दिवसांनी सकाळीच सुनंदाबाई आणि आणखी काही बाया शाळेत आल्या. कामावर जायच्या वेशात, डोक्याला फडकी, हातात घड कापायचे विळे. बडे सर उठून उभे राहिले. सुनंदाबाई म्हणाल्या, "कुलूपवाल्याची चाबी द्या. पोरी तिकडं जातीन."

"चाबी मेरे पास नहीं है बाई. दफ़्तर के बाबूजी छुट्टी पर हैं."

"बरं," म्हणाल्या. वाद नाही, आरडाओरडा नाही. कुलूपवाल्या संडासापाशी गेल्या, विळ्याची मागची बाजू कोयंड्यावर दोनदा मारली. कोयंडा निखळला, दार उघडलं.

आत सगळं पांढरं होतं. टाइलांवर धुळीचा कणही नव्हता. कोपऱ्यात स्वागताचे जुने बॅनर गुंडाळून ठेवलेले. नळ पितळेचा, नवा कोरा. सुनंदाबाईंनी तो फिरवला. काही आलं नाही. दुसरीनं भांड्याकडे बोट दाखवलं. कंपनीचं स्टिकर अजून चिकटलेलं होतं. मी बाहेरून मागच्या भिंतीला वळसा घातला. पाण्याचा पाइप नव्हता. खाली खड्डाही नव्हता. भांडं सरळ मुरमावर बसवलेलं. ते संडास नव्हतंच. फोटो काढायची खोली होती ती. साहेबांनाही तिथं जाता आलं नसतं. कुणी साहेब इतका वेळ थांबतच नसे.

बायांनीही मागं येऊन पाहिलं. मग एक म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि हसता हसता जमिनीवर थुंकली. मला आजवर घाणीची किळस होती. त्या सकाळी स्वच्छ पांढऱ्या टाइलांकडे बघून अंगावर शहारा आला, आणि तो अजून गेलेला नाही. कुणाच्या घरी नवं बाथरूम कौतुकानं दाखवतात, तेव्हा मी आधी नळ फिरवून बघते.

सुट्टी लागली. वरून कुणी आलं नाही, पण पंचायतीतल्या माणसांना बायकांनी घरात जेवू दिलं नसावं; कारण मे महिन्याच्या भर उन्हात त्या पांढऱ्या खोलीमागे खड्डा खणला गेला. पूनमच्या वडिलांनी विहिरीवरून पाइप आणला. पोरींच्या जुन्या संडासाला कडी बसली, आतून. तो धुतला कुणी, ते मला माहीत आहे. मीही होते. सुनंदाबाई विटेनं भिंत घासत म्हणाल्या, "वेबसाइट म्हणजे हेच काय मॅडम?" आम्ही दोघी हसलो. त्या हाताच्या ठशांवर मात्र त्यांनी विटेऐवजी फडकं फिरवलं, हळूच.

जूनमध्ये शाळा उघडली. पोरी मधल्या सुट्टीत नळाला तोंड लावून पाणी पीत होत्या, एकमेकींवर उडवत होत्या. मला वाटलं, झालं. चांगलं झालं. आता एप्रिल विसरता येईल.

तेव्हा बडे सर पुन्हा गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, अब रोज सफाई कौन करेगा? बजेट तो है नहीं." आणि जवळ येऊन, आवाज उतरवून त्यांनी सहावीतल्या एका मुलीचं नाव घेतलं. "उन लोगों को आदत होती है. बुरा नहीं मानेगी." ती मुलगी समोरच नळावर उभी होती. ओंजळीत पाणी होतं. तिनं ऐकलं की नाही, मला कळलं नाही. तिनं पाणी पिणं थांबवलं एवढं मी पाहिलं.

ते वाक्य म्हणजे मी पाहिलेली सगळ्यात घाण जागा. माश्यांची खोली तिच्यापुढे काहीच नव्हे. पण या वेळी मला ओकारी आली नाही. मी वर्गात गेले, पोरांना विचारलं, "आपला संडास कुणी धुवायचा?" पूनम म्हणाली, "जे जाईल ते धुवेल." एक पोरगा म्हणाला, "फिर तो सब." मी फळ्यावर वार लिहिले. सोमवारपुढे माझं नाव लिहिलं. मंगळवारपुढे वर्गानं एका सुरात सुचवलेलं नाव लिहिलं. बुधवारपासून पोरं, पोरी, दुसऱ्या मॅडम, सगळे. पूनमनं तेच वेबसाइटवर चढवलं. तोवर तिला ते माझ्यापेक्षा पटकन यायला लागलं होतं. मी बडे सरांना ते पान दाखवलं. त्यांनी पान बोटानं वरखाली सरकवून पाहिलं. मग म्हणाले, "ठीक है."

सोमवारी मी साडी खोचली, ब्रश घेतला आणि काम केलं. सहावीतली ती मुलगी दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, "पाणी टाक." तिनं बादली ओतली. "मॅडम, कोपरा राहिला," म्हणाली. मी कोपरा घासला.

मंगळवार उजाडला. प्रार्थना झाली, हजेरी झाली. ऑफिसला कुलूप होतं. पूनम लॅपटॉपवर बसली, मंगळवारपुढे टाइप केलं आणि मला बोलावलं. लिहिलं होतं: 'बड़े सर – छुट्टी पर.'

मी शुद्धलेखन तपासलं. बरोबर होतं. म्हटलं, "पब्लिश कर."